मुठीसाठी घेतलेले चाकू

घडीचा चाकू मिटलेला असताना त्याचे पाते दिसत नाही. ते मुठीच्या खाचेत गेलेले असते आणि हाताला लागते ती केवळ मूठ. मराठीत मिटलेल्या बोटांनाही मूठ म्हणतात आणि हत्याराच्या धरायच्या भागालाही. खिशातल्या चाकूत हे दोन्ही अर्थ एकमेकांना भेटतात, कारण असा चाकू दिवसाचा बहुतेक वेळ मिटलेलाच असतो. चाकू घेताना पोलाद कोणते, धार किती टिकते, पाते किती इंचांचे, हे प्रश्न सहसा आधी विचारले जातात. प्रस्तुत लेखकाने गेल्या अठरा वर्षांत घेतलेले एकवीस चाकू मात्र आधी मुठीसाठी घेतलेले आहेत. लाकूड, शिंग, हाड, शिंपला, सेल्युलॉइड आणि मायकार्टा अशा त्यांच्या मुठी आहेत, आणि पुढची माहिती बरीचशी त्यांच्या सहवासातून जमलेली आहे.

लाकडी मुठीचा सर्वांत परिचित चाकू म्हणजे ओपिनेल. फ्रान्सच्या आल्प्समधील सावोय प्रांतात जोझेफ ओपिनेल यांनी तो १८९० मध्ये बनवला आणि १८९७ मध्ये १ ते १२ क्रमांकांची मापे ठरली. मूठ लाकडाच्या एकाच तुकड्याची असते. तिला करवतीने खाच पाडून त्यात पाते बसवतात आणि तोंडाशी पोलादी कडे घालतात. १९५५ पासून त्यावर फिरणारे दुसरे कडे आले, ते फिरवले की उघडलेले पाते जागेवर पक्के होते. नेहमीची मूठ बीच लाकडाची, फिकट आणि एकसारखी असते. अक्रोड, ओक आणि ऑलिव्हच्या मुठीही मिळतात.

संग्रहातील पहिला चाकू ऑलिव्हच्या मुठीचा, ८ क्रमांकाचा आहे. पॅरिसमधील अवजारांच्या एका दुकानात विक्रेत्याने एकाच मापाचे, एकाच किमतीचे सहा चाकू काउंटरवर ओळीने मांडले होते. पाती सारखीच होती. मुठींतले साम्य मात्र लाकडाच्या नावापुरतेच होते. एकीवर तपकिरी रेषा नदीच्या नकाशासारख्या पसरल्या होत्या, दुसरी जवळजवळ मधासारखी पिवळी होती, तिसरीत गाठीभोवती रेषांची वर्तुळे झाली होती. निवडायला अर्धा तास लागला आणि त्या अर्ध्या तासात पात्याकडे एकदाही लक्ष गेले नाही. गाठीची मूठ घेतली. मुठीसाठी चाकू घेण्याची सुरुवात तिथे झाली.

लाकडाचा स्वभाव कळला तो त्यानंतरच्या पावसाळ्यात, दापोलीला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाते मुठीतून बाहेर येईना. लाकूड हवेतला ओलावा शोषते आणि तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, म्हणून खाच अरुंद होऊन पात्याला दोन्ही बाजूंनी धरते. सावोयच्या लोकांना ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावरचा उपायही त्यांच्याच नावाने ओळखला जातो: कडे मोकळे करून मुठीचे मागचे टोक टेबलावर नेमके ठोकायचे, म्हणजे पात्याची पाठ बोटात धरता येईल इतकी वर येते. कायमचा उपाय म्हणजे मूठ उन्हात पूर्ण वाळवून, खाचेसकट तिला जवसाचे तेल पाजणे. एकदा तेल दिले की झाले, असे नाही. चार दिवसांच्या अंतराने तीन हात दिले तेव्हा पुढच्या वर्षी चाकू भर पावसात उघडला. तेलाने ऑलिव्हचा रंगही खोल झाला, आणि दुकानात पाहिलेली ती मूठ खरे तर आज अधिक सुंदर दिसते.

शिंगाच्या मुठींकडे वळण्यापूर्वी एक भेद सांगणे आवश्यक आहे, कारण मराठीत गाय, म्हैस आणि सांबर या सर्वांच्या डोक्यावरच्या वाढीला शिंगच म्हणतात. गाई-म्हशींचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावरचे केराटिनचे आवरण. नखे आणि केस ज्या द्रव्याचे, त्याचेच हे बनते. ते जन्मभर वाढते आणि गळत नाही. सांबराचे शिंग मात्र सबंध हाडच असते, फक्त नराला येते, दरवर्षी गळते आणि पुन्हा फुटते. चाकूच्या मुठीत ही दोन द्रव्ये अगदी वेगळी वागतात.

केराटिनचे शिंग गरम केले की मऊ होते आणि दाबून सपाट करता येते. उत्तर प्रदेशातील संभळचे कारागीर याच गुणावर कंगवे, बटणे आणि डब्या करतात. फ्रान्सच्या ओब्राक पठारावरील लायोल गावात १८२९ पासून जो चाकू होत आला, त्याची जुनी मूठ गाईबैलांच्या शिंगाची असते आणि शिंगाच्या टोकाचा भाग तिच्यासाठी सर्वांत चांगला समजला जातो. टोक भरीव असते, त्यामुळे ते गरम करून सपाट करावे लागत नाही आणि पुढे वाकण्याची ओढही त्याला कमी असते. संग्रहातील लायोलची मूठ अशीच टोकाची आहे. एरवी काळपट दिसणारी तिची कड सकाळच्या उन्हात धरली की मधाच्या रंगाने उजळते आणि आतून जाणाऱ्या फिकट शिरा दिसतात. हा उजेड कोणत्याही प्लास्टिकमध्ये सापडलेला नाही, आणि केवळ त्यासाठी शिंगाची मूठ घ्यावी असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

लाकडाला कोकणातला पावसाळा सोसत नाही, तसा शिंगाला विदर्भातला उन्हाळा सोसत नाही. दुसऱ्या एका चाकूची मूठ म्हशीच्या शिंगाच्या सपाट केलेल्या पट्ट्यांची आहे. नागपूरच्या मे महिन्यात त्यातली एक पट्टी पितळी कडेपासून कागद सरकेल इतकी उचलली गेली. कोरड्या हवेत शिंग आकसते आणि मूळच्या वाकाकडे परत जाऊ पाहते. ऑगस्टमध्ये फट आपोआप बुजली, तरी पुढच्या मे महिन्यापूर्वी पट्ट्यांना खोबरेल चोळून चाकू कूलरच्या वाऱ्यापासून दूर ठेवण्यात आला आणि फट पुन्हा पडली नाही. केस आणि लोकर खाणाऱ्या किडींना शिंगही चालते, म्हणून शिंगाचा चाकू वर्षानुवर्षे बंद खणात पडून राहू देणे चांगले नाही.

सांबराचे शिंग मराठी घरांना वेगळ्या कारणाने ओळखीचे आहे. सहाणेवर उगाळून लेप देण्यासाठी साबरशिंगाचा तुकडा औषधांच्या डब्यात असे, आणि अनेकांनी तो लहानपणी हातात घेतलेला असतो. इंग्लंडमधील शेफील्डच्या चाकूवाल्यांना भारतीय सांबराचे शिंग हवे असे, कारण ते घट्ट असते आणि त्यातला सच्छिद्र गाभा कमी असतो. बाहेरची खडबडीत, झाडाच्या सालीसारखी पाठ ते तशीच ठेवत आणि तीच मुठीची पकड होई. पुण्याच्या जुन्या बाजारात अशा मुठीचा एक शेफील्डचा चाकू एकदा समोर आला होता. साल अंगठ्याखाली नेमकी बसत होती आणि मागितलेली किंमत परवडणारी होती. तो घेतला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वन्य प्राण्यांचे असे अवयव परवानगीवाचून विकणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे. मुठीचे आकर्षण कितीही असले तरी त्या बाजाराला आपल्या पैशांनी बळ देणे योग्य नाही. साबरशिंगाची जागा संग्रहात रिकामी आहे आणि ती तशीच राहणार आहे.

ती जागा भरण्याचा प्रयत्न कारखान्यांनी मात्र फार पूर्वीच सुरू केला होता. गाईबैलांच्या नडगीचे हाड कापून त्याच्या पृष्ठभागावर खाचा पाडायच्या, रंग द्यायचा आणि सांबरशिंगाचा भास निर्माण करायचा, ही पद्धत अमेरिकेतील चाकूंमध्ये इतकी रुळली की तीच त्या चाकूंची ओळख झाली. पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्डची केस ही कंपनी अशा मुठींसाठी प्रसिद्ध आहे आणि तिचे हाड ब्राझीलच्या झेबू गुरांचे असते. ब्राझीलच्या या गुरांतील मोठ्या संख्येने असलेली नेलोर जात मूळची आंध्रच्या ओंगोल गुरांची, म्हणजे वशिंडाची. संग्रहातील तांबूस पिवळ्या मुठीच्या चाकूकडे हे कळल्यापासून अधिक जवळिकीने पाहिले जाते. हाड सच्छिद्र असल्यामुळे रंग पिते, खाचांच्या उंच भागावर फिकट राहते आणि खोलीत गडद होते. भिंगातून पाहिले की रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्यांचे काळे ठिपके आणि रेषा दिसतात. खरे हाड आणि प्लास्टिक यांतला फरक ओळखण्याची हीच चांगली परीक्षा आहे. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला काही जुने विक्रेते देतात, तो कधीही मानू नये. मूठ सेल्युलॉइडची निघाली तर ती पेट घेते.

शिंपल्याच्या मुठीचा एकच चाकू संग्रहात आहे. लंडनच्या पोर्टोबेलो रस्त्यावरील शनिवारच्या बाजारात तो सापडला. बोटाएवढा लांब, फळे कापण्याचा, चांदीच्या पात्याचा. पात्यावर शेफील्डचा मुकुट, चालणारा सिंह आणि वर्षाचे अक्षर असे ठसे आहेत. सिंह म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध चांदी. फळाच्या चाकूला चांदी का, याचे उत्तर कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात मिळते: लोखंडी विळीवर कैरी चिरली की विळी काळी पडते आणि फोडीला लोखंडाची चव लागते. त्याच शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये न गंजणारे पोलाद तयार केले आणि चांदीच्या पात्याची गरज हळूहळू संपली. शिंपल्याचे आकर्षण मात्र संपले नाही. त्याच्या आतल्या अस्तरात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात. प्रकाश त्यांवरून परतताना रंग फुटतात, आणि म्हणूनच मूठ किंचित तिरपी केली की गुलाबीची हिरवी होते. हाताला ती दगडासारखी थंड लागते आणि सावकाश तापते. नकली शिंपला हातात लगेच कोमट होतो. खरा शिंपला फरशीवर पडला तर तडकतो, म्हणून हा चाकू नेहमी पलंगावर बसूनच हाताळला जातो.

सेल्युलॉइडने संग्रहाचे सर्वांत मोठे नुकसान केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तिदंताला पर्याय म्हणून पुढे आलेले हे पहिले यशस्वी प्लास्टिक नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनते. कासवाची पाठ, शिंपला, हस्तिदंत यांची नक्कल त्यात इतकी सुरेख होते की जुन्या चाकूंच्या चाहत्यांना ती मुळापेक्षाही हवीशी वाटते. लेखकानेही कासवाच्या पाठीच्या नक्षीचा एक चाकू आनंदाने घेतला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात इतर दोन चाकूंसोबत ठेवला. दोन वर्षांनी डबा उघडला तेव्हा उग्र वास आला. तिन्ही पात्यांवर गंज चढला होता, शेजारच्या एका चाकूची स्प्रिंग खाल्ली गेली होती आणि कासवाच्या नक्षीवर बारीक चिरा पडल्या होत्या. सेल्युलॉइड जुने झाले की विघटित होऊन आम्ल वायू सोडते आणि बंद जागेत ते आसपासच्या धातूला खातात. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, त्या काळच्या चित्रफितीही याच द्रव्याच्या असत, आणि मूकपटांच्या ठेव्याचा मोठा भाग नष्ट होण्यामागे हा नाशवंतपणा आणि ज्वालाग्राहीपणा हे एक प्रमुख कारण आहे. आता तो चाकू एकटा, कागदात सैल गुंडाळून, हवा खेळती राहील अशा फळीवर असतो आणि दर दोन महिन्यांनी त्याचा वास घेऊन पाहिला जातो.

मायकार्टाही मुळात पर्याय म्हणूनच आली. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट शोधल्यानंतर अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीने कागद किंवा कापडाचे थर तशाच राळेत भिजवून, उष्णता आणि दाब देऊन पक्के केले. ते विजेच्या यंत्रांत रोधक म्हणून वापरले जाई. घरोघरच्या टेबलावर आणि कपाटावर चिकटवलेले सनमायका याच कुळातले. मुठीसाठी कापडाची मायकार्टा सर्वोत्तम, कारण घासली की थरांची कड उघडी पडते आणि तिरप्या कापावर कापडाची वीण डोंगराच्या समोच्च रेषांसारखी वळत जाते. काचतंतूंची जी-१० ही सामग्री तिच्याहून कठीण आणि पाण्याला अजिबात दाद न देणारी आहे, पण ती दहा वर्षांनीही पहिल्या दिवसासारखीच राहते. तिच्यात हाताची खूण उमटत नाही, म्हणून संग्रहात तिला जागा दिलेली नाही.

मायकार्टात ती उमटते. रोजच्या वापरातला चाकू हिरवट तागाच्या मायकार्टाचा आहे. सहा वर्षांपूर्वी तो कोरडा, खडूसारखा फिकट होता. हाताचे तेल, आंब्याचा रस आणि घाम पिऊन तो आता शेवाळी झाला आहे, आणि अंगठा टेकतो त्या जागी रंग सर्वांत गडद आहे. साबणाने घासले तर मूठ पुन्हा फिकट होते. तसे एकदा झाले आणि अंगठ्याची जागा परत गडद व्हायला एक आख्खा आंब्याचा हंगाम गेला. तेव्हापासून ती मूठ फक्त ओल्या कापडाने पुसली जाते.