चित्र आणि वेदना

यंत्राने टिपलेले चित्र म्हणजे अंतिम सत्य, अशी आपली श्रद्धा असते. पन्नाशीनंतर माझा उजवा खांदा दुखू लागला, तेव्हा या श्रद्धेची परीक्षा झाली. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्याला कंडरा म्हणतात. माझी कंडरा अर्धवट फाटल्याचे एमआरआयच्या अहवालात लिहिले होते. ‘फाटली’ हा शब्द वाचताच मन शस्त्रक्रियेपर्यंत धावले.

डॉक्टरांनी मात्र माझा हात सर्व दिशांनी फिरवून पाहिला, त्यातील बळ अजमावले आणि आधी व्यायाम सुचविला. ते म्हणाले, “आरपार फाटलेली कंडरा एमआरआय बहुधा अचूक दाखवितो, अर्धवट फाटलेली कधी कधी त्यातून निसटते. शिवाय जे फाटलेले दिसते, तेच दुखते असे नाही.”

१९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय तपासले गेले. त्यांपैकी ३४ टक्के लोकांच्या कंडरा फाटलेल्या आढळल्या. साठीपुढील लोकांत हे प्रमाण ५४ टक्के होते. वयाबरोबर केस पिकतात, तशा कंडराही झिजतात.

म्हणून अहवाल जरूर वाचावा. पण उपचार कागदावरील चित्रावर नव्हे, माणसावर करायचे असतात. चित्र जखम दाखविते. वेदना कोठे आहे, हे माणसालाच विचारावे लागते.