नावानिशी हजेरी

गडहिंग्लजमधल्या पतसंस्थेत, दवाखान्यात किंवा शाळेत आज गेलं की दाराजवळच्या भिंतीवर हात पोचेल अशा उंचीवर एक छोटं यंत्र दिसतं. कुठं त्यावर बोट टेकवायचं, कुठं गळ्यातलं कार्ड दाखवायचं, अलीकडं तर नुसता चेहरा. नवं यंत्र घ्यायची वेळ आली की संस्थेच्या बैठकीत वाद ठरलेला: बोटाचं घ्यायचं की कार्डाचं? या वादात मला मनापासून काही सांगायचं आहे. हजेरीच्या जुन्या पद्धतीत मी लहानाचा मोठा झालो, आणि तिच्यात जे होतं ते यंत्राच्या माहितीपत्रकात कुठंच लिहिलेलं नसतं.

आमच्या शाळेत पहिल्या तासाला मॉनिटर ऑफिसातून हजेरीपट घेऊन यायचा. जाड पुठ्ठ्याचा, कोपरे झिजलेला. डावीकडं नावांची ओळ, पुढं १ ते ३१ तारखांचे रकाने. सकाळच्या सत्राला एक तिरपी रेघ, दुपारच्या सत्राला उलटी रेघ, दोन्ही मिळून फुली. जो आला नाही त्याच्या घरात ‘गै’. रविवारचा रकाना लाल शाईनं उभा भरलेला. गुरुजी एकेक नाव घ्यायचे आणि ‘हजर’ ऐकू आलं नाही की चष्म्यावरून वर्गाकडं बघायचे.

“कुठं गेलाय रं त्यो?”

“शेंगा काढायला गेलाय जी.”

“आणि तू काल का आला न्हाईस?”

“म्हस व्याली हुती, गुरुजी.”

एवढ्यात गुरुजींना निम्म्या गावाची खबर लागायची. भुईमुगाची काढणी आली की बाक रिकामे पडायचे. काळभैरीच्या यात्रेला वर्ग निम्मा व्हायचा. हिरण्यकेशीला पाणी चढलं की पलीकडची पोरं अडकायची. एखाद्याच्या नावापुढं ‘गै’ची रांग लागली की संध्याकाळी गुरुजींची सायकल त्याच्या दारात उभी. आमच्या वर्गातल्या एका मुलीला धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवलं होतं. गुरुजी तिच्या आईला म्हणाले, “वहिनी, पोराला काखेत घिऊनच धाडा तिला. वर्गात बसवतो मी दोघांस्नी.” ती भावाला कडेवर घेऊन आली, तो कोपऱ्यात पाटी घेऊन बसला, आणि तिची शाळा सुटली नाही. ‘गै’ हे अक्षर गुरुजींनी वाचलं होतं म्हणून हे घडलं.

पुढं या पटाला आणखी वजन आलं. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली. महिन्याची ८० टक्के हजेरी भरली की मुलाला ३ किलो तांदूळ मिळायचा. महिनाअखेरीला गुरुजी फुल्या मोजत बसायचे आणि आया पिशव्या घेऊन व्हरांड्यात थांबायच्या. कागदावरची एक फुली चुलीपर्यंत पोचत होती.

त्या काळाचं सगळंच निर्मळ होतं असं मी म्हणणार नाही. ज्या पटानं तांदूळ मिळत होता, त्याच पटावर शिक्षकांची पदं आणि अनुदान ठरत होतं. मग कुठं कुठं नसलेली मुलं पटावर नांदू लागली. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सरकारनं राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली. एक मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली. कागदावरची लाखो मुलं प्रत्यक्ष वर्गात सापडली नाहीत. पुढं २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला, कारण मुलाचं नाव कॉलेजात आणि मूल खासगी क्लासमध्ये असा प्रकार वाढला होता. यंत्राची मागणी अशी रास्त कारणातून आली, हे मान्य करायलाच हवं.

हजेरीचा दुसरा धडा आमच्या भागाला मुंबईनं शिकवला. गडहिंग्लज, आजरा, चंदगडच्या गावागावांतून माणसं लालबाग-परळच्या गिरण्यांत गेली. गिरणीत माणसाची ओळख तिकीट नंबर. हजेरी लागली तर पगार, नाहीतर खाडा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्यांचे भोंगे थांबले आणि कितीतरी कामगार पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परतले. आमच्या गल्लीतल्या आबांच्या ट्रंकेत जुनी हजेरीपत्रं, पगाराच्या पावत्या आणि लाल पास दोऱ्यानं बांधून ठेवलेले होते. घरच्यांना ती रद्दी वाटायची. पुढं गिरणी कामगारांना घरं द्यायचं ठरलं तेव्हा पुरावा म्हणून जी कागदपत्रं मागितली, त्यांत तिकीट नंबर, लाल पास, पगार पावती यांच्या जोडीला हजेरीपत्रही होतं. ज्यांच्याकडं कागद होता त्यांचं नाव यादीत लागायला आधार मिळाला. ज्यांचा कागद पावसात भिजला किंवा वाळवीनं खाल्ला, त्यांना ‘मी तिथं राबलो’ हे सिद्ध करायला दारोदार हिंडावं लागलं. हजेरी मालकाची जेवढी, तेवढीच कामगाराची असते, हे मी आबांच्या ट्रंकेपाशी शिकलो.

सरकारी कचेरीत मस्टर होतं. ठरल्या वेळेला साहेब लाल रेघ ओढायचे आणि मस्टर आत जायचं. तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा गेली. त्यातही शिपाईमामांना ठाऊक असायचं की कुणाची एसटी नेसरीहून उशिरा येते आणि कुणाला उगाच उशीर होतो. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आला, कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली आणि यंत्रावरची वेळ जास्तच महत्त्वाची ठरली. पण लगोलग कोरोना आला. एकाच काचेवर सगळ्यांनी बोट टेकवणं धोक्याचं ठरलं, यंत्रं बंद झाली आणि कपाटातली मस्टरं पुन्हा टेबलावर आली.

आता मूळ प्रश्न: बोट की कार्ड? बोटाचं यंत्र सहसा बोटाचा फोटो ठेवत नाही. ठशातल्या रेषा कुठं संपतात, कुठं फुटतात, त्या खुणा टिपून ठेवतं आणि रोज ताडून बघतं. दुसऱ्याच्या नावानं हजेरी लावणं त्यामुळं अवघड होतं. पण आमच्या मुलखात ऊस तोडणारे, गुऱ्हाळावर राबणारे, मिरचीचे देठ खुडणारे हात आहेत. त्यांच्या रेषा झिजतात. रेशनच्या दुकानात ‘अंगठा उठत नाही’ म्हणून माघारी फिरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. शाळेतल्या शिपायाचं, सफाई करणाऱ्या मावशीचं बोटही असंच असतं. मुलांची बोटं तर वाढत असतात. २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत आधारची सुरुवात झाली, त्या आधारलाही मुलांचे ठसे ५ व्या वर्षी पहिल्यांदा आणि १५ व्या वर्षी पुन्हा नव्यानं घ्यावे लागतात.

कार्डाचं काम सोपं आहे. आत बारीक चिप आणि तारेचं वेटोळं असतं, बॅटरी नसते. यंत्राजवळ नेलं की त्याच्याच लहरींवर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. पावसात भिजलेल्या, खडूनं किंवा मेंदीनं माखलेल्या हातांनीही ते चालतं. दोष एवढाच की मित्राचं कार्ड मित्र दाखवू शकतो, आणि मुलं कार्ड हरवतात. पण हरवलेलं कार्ड रद्द करून दुसरं देता येतं. बोटाच्या ठशाची माहिती एकदा चुकीच्या हाती गेली तर त्या मुलाला दुसरं बोट देता येत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. शाळेनं मुलांचे ठसे गोळा करू नयेत. फाटकाशी कार्ड पुरे, पालकांच्या मोबाइलवर निरोप हवा असेल तर तेही त्यातून होतं. खोटी हजेरी रोखायला वर्गात शिक्षकानं नाव घ्यावं, आणि उत्तर आलं नाही तर कारण विचारावं. आता शिक्षकांना ॲपवरही हजेरी भरावी लागते. ती जरूर भरावी, पण नाव पुकारून झाल्यावर. कार्यालयानं बोटाचं किंवा चेहऱ्याचं यंत्र घ्यायला हरकत नाही. ज्याचा ठसा उठत नाही त्याच्यासाठी त्याच दाराशी सहीचं मस्टर असावं आणि यंत्राच्या चुकीपायी कुणाचाही दिवस कापला जाऊ नये. आणि महिना संपला की प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हाती, कंत्राटावरच्या मावशींच्याही, हजेरीचा छापील उतारा शिक्क्यासह द्यावा. कंपनी बदलते, सर्व्हर बंद पडतो, ठेकेदार निघून जातो. राबलेल्या दिवसांचा पुरावा राबणाऱ्याच्या घरातच असला पाहिजे. यंत्र कुठलंही घ्या, पण कोटेशन मागवताना या अटी आधी लिहा आणि मग किंमत विचारा.