करवंटीतले दहा गुंठे

करंज्यांसाठी नारळ खवून झाले, की करवंट्यांचा ढीग माझ्या वाट्याला येतो. बंबाला याहून चांगले जळण नाही! एरवी 'हातात करवंटी येणे' म्हणजे कंगाल होणे. आपल्या भाषेनेही तिचा मान एवढाच ठेवला आहे.

परवा मी तो ढीग आवरीत होतो, तोच पुतण्या दारात उभा राहिला. त्याचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, आणि मी गेली नऊ वर्षे बोललेलो नाही. कारण? दहा गुंठ्यांची नारळीची वाडी. पोर मात्र दर दिवाळीला न चुकता येते. ते रसायनशास्त्र शिकते आहे.

"काका, तुमच्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रातला कोळसा याच करवंट्यांचा करतात!"

मग त्याने समजावून सांगितले. करवंटी फारशी हवा लागू न देता भाजली, की कोळसा होतो. त्या कोळशावरून ८०० ते १००० अंश सेल्सिअस उष्णतेत वाफ सोडायची. वाफ त्याचा काही अंश खाऊन जाते आणि तेथे डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे पडतात. पाण्यातला नकोसा वास, रंग त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटून राहतो. १९१८ साली, पहिल्या महायुद्धात, अमेरिकेत लोकांनी पीचच्या बिया आणि कठीण कवचे गोळा करून दिली. त्यांच्या कोळशाने सैनिकांच्या मुखवट्यांत विषारी वायू अडवला.

"आणि काका, अशा एका ग्रॅममधल्या साऱ्या भिंती पसरल्या, तर सुमारे १००० चौरस मीटर भरतात."

मी जन्माचा वाडीवाला. मनात हिशेब केला. दहा गुंठे! आमची अख्खी वाडी चिमटीत मावली.

मी हसलो खरा, पण ते हसू टिकले नाही. कोळशाला ही एवढी जागा बाहेरून कोणी दिली नव्हती. त्याने आपल्यातले काही सोडले, तेव्हा ती झाली. मी तर नऊ वर्षांत एक शब्दही सोडला नव्हता.

निघताना पुतण्याच्या हाती करंज्यांचा डबा दिला. म्हटले, "बाबांना सांग, भाऊबीज झाली की वाडीत नारळ पाडायचे आहेत. मोजायला तूही ये, म्हणावे."