बुद्धांच्या नावाचा शर्यतमार्ग

खानदेशातून दिल्लीकडे जाणारी आपली मंडळी भुसावळला झेलम किंवा गोवा एक्स्प्रेस धरतात आणि नोएडाचे राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळ पाहून परततात. ते स्थळ 14 ऑक्टोबर 2011 रोजी, म्हणजे धम्मदीक्षेच्या तारखेलाच खुले झाले. त्यानंतर चारच दिवसांनी त्याच गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात, ग्रेटर नोएडाच्या पुढे, आणखी एक वास्तू उघडली. तिचे नाव बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. मोटारींच्या शर्यतीचा मार्ग, लांबी 5.125 किलोमीटर, वळणे 16.

30 ऑक्टोबर 2011 ला तिथे भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. सचिन तेंडुलकरने शेवटचा झेंडा फडकविला, मुख्यमंत्री मायावती यांनी विजेत्या सेबास्टियन वेटेलला चषक दिला. (सरावाच्या दिवशी एक कुत्रे थेट मार्गावर आले आणि कोट्यवधींच्या गाड्या थांबल्या, हेही झाले.) पुढची दोन वर्षेही वेटेलच जिंकला. मग कर-जकातीचे वाद पेटले. ही शर्यत खेळ की करमणूक, हाच प्रश्न! 2013 नंतर फॉर्म्युला वन तिथून गेली. सप्टेंबर 2023 मध्ये मोटारसायकलींची मोटोजीपी एकदा झाली, तेवढेच.

सरकार आपले होते म्हणून एक गोष्ट लिहायची टाळू नये. मे 2011 मध्ये याच जिल्ह्यात, भट्टा-पारसौल येथे, भूसंपादनावरून गोळीबार झाला; पोलीस आणि शेतकरी, दोन्हीकडची माणसे मेली. ज्या जेपी समूहाने यमुना द्रुतगती मार्ग बांधला, त्याचाच हा शर्यतमार्ग. समूह कर्जात बुडाला आणि 2020 मध्ये प्राधिकरणाने तिथल्या जमिनीचे वाटपच रद्द केले. ज्यांची शेती गेली त्यांच्या पोरांना तिकीट कुठून परवडणार? तथागतांचे नाव फाटकावर चढविणे सोपे असते.

तरीही वेगाची हौस काही खोटी नाही. धुळ्याची पोरे मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रकांच्या मधून मोटारसायकली पळवितात, तेव्हा घरी आईचा जीव टांगणीला लागतो. नुसते रागावून हे थांबत नाही. पोराला खरा मार्ग दाखवावा लागतो.

तो मद्रासकडे आहे. तिथल्या मोटर स्पोर्ट्स क्लबची मंडळी पूर्वी शोलावरमच्या युद्धकाळातील धावपट्टीवर शर्यती घेत. पुढे त्यांनी इरुंगट्टुकोट्टई येथे स्वतःचा मार्ग बांधला, तो 1990 मध्ये सुरू झाला. मालकी क्लबची, म्हणून तो टिकला. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे. जवळ म्हणाल तर नाशिकच्या बाजूला मोटार रॅली होत आल्या आहेत. अशा ठिकाणी परवाना लागतो, हेल्मेट लागते, रुग्णवाहिका उभी असते.

जळगावहून नवजीवन एक्स्प्रेस थेट चेन्नईला जाते. तिथून श्रीपेरंबुदूरच्या वाटेवर हा मार्ग लागतो. निघण्यापूर्वी शर्यतीची तारीख मात्र विचारून घ्यावी.