कोसबाडच्या पायथ्याशीं

पश्चिम रेल्वेच्या घोलवड स्थानकावर उतरून आम्ही बोर्डीचा रस्ता धरला, तेव्हां ऊन अजून कोंवळें होतें. रस्त्यालगत चिकूच्या वाड्या आणि सुरूच्या बनापलीकडे ओहोटीनें दूर गेलेला समुद्र! समागमें आमच्या सूनबाई व पांच वर्षांचा नातू होता. सूनबाई घरीं बालवर्ग चालवितात. म्हणूनच हें स्थळ त्यांस दाखवावें, अशी आमची इच्छा होती.

याच बोर्डीस सन १९४५ मध्यें ताराबाई मोडक यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापिलें. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासह ताराबाईंनीं माँटेसोरी पद्धतीनें काम केलें होतें. परंतु तीं महागडीं साधनें खेड्यांत आणावयाचीं कोठून? तेव्हां शंख-शिंपले, खडे, बिया, पानें हींच साधनें झालीं. १९५७ त हें कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें. वारल्यांचीं मुलें गुरें राखीत, धाकटीं भावंडें सांभाळीत. तीं शाळेंत येणार कशीं? म्हणून शाळाच त्यांच्या मागें कुरणांत गेली, ती कुरणशाळा. वस्तीच्या अंगणांत भरे ती अंगणवाडी. हेंच नांव पुढें १९७५ च्या सरकारी बालविकास योजनेनें देशभर नेलें.

निसर्ग फुकट आहे, मग शिक्षिकेस निराळें शिक्षण कशाला, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांसही वाटे. वाळूंत नातवानें ओंजळभर शिंपले आणले. सूनबाई लगेच म्हणाल्या, "मोज पाहूं किती आहेत!" मुलानें ओंजळ तेथेंच रिकामी केली व तो लाटांकडे निघून गेला. सूनबाई ओशाळल्या. पुन्हा तो आला, तेव्हां त्या नुसत्या जवळ बसून राहिल्या. त्यानें आपण होऊन लहान-मोठे शिंपले वेगळे मांडले, आणि एक उचलून विचारलें, "याला एवढं गोल भोंक कुणी पाडलं?" शिंपल्यांतील जीव खाणारी समुद्रगोगलगाय तें पाडते, हें आम्हांस ठाऊक होतें, तरी सांगण्याचा मोह आम्हीं आवरला. तो तसलेच शिंपले शोधीत तासभर रमला.

अर्थात् मोकळें सोडणें म्हणजे दुर्लक्ष नव्हे. मुलांआधीं शिक्षिकेनें ती जागा पायांखालीं घालावी. गुंजेची बी दिसावयास सुंदर, परंतु विषारी. ती बाळांच्या हातीं जाऊं नये, हें तिला आधींच ठाऊक हवें. कोठें सावध करावें आणि कोठें गप्प राहावें, हा विवेक पुस्तकांत वाचून येत नाहीं. मुलांसवें हिंडूनच तो अंगीं बाणतो.

परततांना गाडींत सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, मुलांना शिकवायच्या आधी मलाच थांबायला शिकलं पाहिजे." आम्ही कांहीं बोललों नाहीं. घरच्या अंगणांत "मातीला हात लावूं नकोस" असें नातवास रोज बजावणारे आम्हीच होतों. पुढील रविवारीं त्याच अंगणाचा एक कोपरा आम्हीं त्याच्यासाठीं मोकळा करून दिला.