मेहर किती होता?

लॉकडाऊनमध्ये मुलीने मला मोबाईलवर ब्लॉग उघडून दिला. "अम्मी, इतकं बोलतेस, ते लिहीत जा ना!" म्हणाली. मी सहेरी-इफ्तारीचे पदार्थ, नळाच्या पाण्याची रड असं काहीबाही लिहू लागले. वाचणाऱ्या माझ्या दोन बहिणी आणि एक मामी.

एके दिवशी पेटीतले जुने कागद चाळताना माझा निकाहनामा सापडला. मेहरचा आकडा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. निकाहच्या वेळी वकील आणि गवाहांनी तो मला ऐकवलाच असणार. पण रडणाऱ्या नवरीच्या कानात काय शिरतं? ना कुणी दिला, ना मी मागितला. रात्री हेच लिहिलं आणि शेवटी विचारलं, "बहिणींनो, तुमचा मेहर किती होता? मिळाला का?"

सकाळी अनोळखी बायकांची उत्तरं आली होती. एकीने लिहिलं, "पहिल्याच रात्री माफ करून घेतला." एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे. तो वारला तर वारसांच्या वाटण्या होण्याआधी ते फेडायचं असतं." त्याखाली एका विधवा बहिणीने लिहिलं, "मय्यत उचलण्याआधी चारचौघांत मला माफ करायला सांगितलं. तिथे नाही कसं म्हणणार?"

काही निनावी शिव्याही होत्या. थोरले दीर म्हणाले, "घरच्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला?" मी घाबरून लेख काढून टाकला.

त्याच सुमारास 'तहज़ीब-ए-निस्वाँ'बद्दल वाचनात आलं. १८९८ साली लाहोरमध्ये मुहम्मदी बेगम आणि त्यांचे शोहर सय्यद मुमताज़ अली यांनी स्त्रियांसाठी हे उर्दू साप्ताहिक सुरू केलं. बेगमसाहेबा स्वतः संपादक होत्या. सुरुवातीला लोक अंक परत पाठवत, शिव्यांची पत्रं येत. कित्येक लेखिका नाव न देता 'अमक्याची बेटी' म्हणून लिहीत. तरी पडद्यातल्या बायका एकमेकींना वाचत राहिल्या, उत्तरं देत राहिल्या. १९०८ मध्ये बेगमसाहेबांचा इंतकाल झाला, पण साप्ताहिक पुढे कितीतरी वर्षं चाललं.

मला माझीच लाज वाटली. मेहर तर सूरह निसामध्ये अल्लाहने सांगितलेला हक्क आहे. त्याबद्दल बोलणं चव्हाटा कसा? ह्यांना लेख वाचायला दिला. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "माझ्याही ध्यानात राहिलं नाही. लेख परत टाक." अल्हम्दुलिल्लाह, त्या महिन्यापासून ते मेहर थोडा थोडा फेडत आहेत.

लेख परत टाकल्यावर त्या विधवा बहिणीचा निरोप आला : "आपा, मला आता काही मिळो न मिळो. पण ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती."

वाचक बहिणींनो, तुमचा निकाहनामा कुठल्या पेटीत आहे? आज काढून वाचा. आणि लेकीच्या निकाहआधी तिला शेजारी बसवून मेहर समजावून सांगा.