एक यंत्र, दोन वाटा

जत हा सांगली जिल्ह्यातील विस्ताराने सर्वांत मोठा, अवर्षणप्रवण तालुका. उमदी-संखकडील गरोदर स्त्रीस सोनोग्राफीसाठी दूरच्या शहरी जावे लागते. दिवसाची मजुरी बुडते. आज हे यंत्र पिशवीत मावते. वार कोठे आहे, मूल आडवे आहे काय, हे ते केवळ ध्वनिलहरींच्या आधारे दाखविते. मग ते दारी का येत नाही, असे आम्हांस विचारले जाते.

उत्तर कटू आहे. याच यंत्राने मुलगी ओळखून तिचा जीव घेतला गेला. महाराष्ट्राने १९८८ साली व देशाने १९९४ साली कायदा केला. तरीही मार्च २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, म्हैसाळ येथे, १९ भ्रूणांचे अवशेष सापडले. २०१२ च्या नियमांनी हे छोटे यंत्र नोंदणीकृत रुग्णालयातील दाखल रुग्णांपुरते आणि इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकापुरते मर्यादित केले.

हे बंधन आम्हांस न्याय्य वाटते. परंतु पथकाची वाट खुली आहे. त्यासाठी ग्रामसभेत आग्रह धरणे आपल्या हाती आहे. आणि ‘मुलगा की मुलगी?’ असे जे घर विचारते, तेच पलीकडच्या वाडीवरील मातेच्या दाराशी येणारे यंत्र अडविते, हेही आपण ओळखावे.